स्टीलर्सच्या नव्या ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटरकडून एवढंच हवं

१४ फेब्रुवारी २०२४

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

सुपर बोलची बातमी आपल्या अंकात वाचली. कॅन्सस सिटीने सॅन फ्रान्सिस्कोला जादा वेळेत २५-२२ असं हरवलं हे आलं, गायिका टेलर स्विफ्ट प्रेक्षकांत होती हेही आलं. अमेरिकी फुटबॉलला मराठी वृत्तपत्रात जागा मिळाली याचा आनंदच आहे. पण आमच्या पिट्सबर्गमध्ये सध्या एकच विषय आहे : आमच्या संघाचे, म्हणजे स्टीलर्सचे, नवे ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर (चढाईचे प्रशिक्षक) आर्थर स्मिथ. अमेरिकेत राहून मुलाबाळांबरोबर हा खेळ पाहणारे आपले वाचक पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी, आणि खरं सांगायचं तर माझ्या मनातलं बाहेर काढण्यासाठी, हे पत्र.

मी मूळची इचलकरंजीची. पिट्सबर्गजवळच्या मन्रोव्हिलला राहते आणि एका रुग्णालयाच्या औषध विभागात काम करते. रविवारची पाळी बहुधा माझ्याकडे असते. हंगामात रविवारी दुपारी कोणत्याही मजल्यावर जा, प्रत्येक खोलीत सामना लावलेला असतो. गेल्या नोव्हेंबरात ब्रॅडॉकच्या पोलाद कारखान्यातून निवृत्त झालेले एक आजोबा दाखल होते. घरी गेल्यावर रक्त पातळ करणारी गोळी कशी घ्यायची हे मी त्यांना समजावत होते. त्यांनी हात वर करून मला थांबवलं, पडद्याकडे बघत म्हणाले, "आता उजवीकडे धावतील, दोन यार्ड मिळतील." चेंडू उजवीकडे गेला आणि दोनच यार्ड मिळाले. मग गोळी कधी घ्यायची ते त्यांनी मला नीट विचारून घेतलं. खाटेवर पडलेल्या माणसाला आपली चाल आधी कळते, तर समोरच्या संघाच्या प्रशिक्षकांना कळणार नाही?

हा खेळ न पाहणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. इथे चढाई करणारे खेळाडू वेगळे आणि बचावाचे वेगळे. दहा यार्ड पुढे सरकायला चार प्रयत्न मिळतात, त्यांना डाऊन म्हणतात. प्रत्येक प्रयत्नाआधी कोणती चाल खेळायची ते अनेक संघांत ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर ठरवतो आणि ती क्वार्टरबॅकच्या, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या मुख्य खेळाडूच्या, हेल्मेटमधल्या रेडिओवर पोचते. चाल सुरू करायच्या घड्याळात १५ सेकंद उरले की तो रेडिओ बंद होतो. त्यापुढे क्वार्टरबॅक एकटा. म्हणून चाल वेळेवर आणि विचार करून यावी लागते.

मॅट कॅनडा २०२१ पासून हे काम बघत होते. स्टीलर्सने त्यांना २१ नोव्हेंबरला, हंगाम चालू असताना, काढलं. या संघाच्या घराण्यात असं १९४१ नंतर घडलं नव्हतं. १९६९ पासून तोवर इथे मुख्य प्रशिक्षक फक्त तीन झाले होते : चक नोल, बिल काउर आणि माइक टॉमलिन. असा संघ हंगामाच्या मध्यावर माणूस काढतो, तेव्हा पाणी कुठवर आलं असेल याची कल्पना करा. पहिल्या नऊ सामन्यांत प्रत्येक वेळी प्रतिस्पर्ध्याने आमच्याहून जास्त यार्ड मिळवले होते. तरीही त्यातले सहा आम्ही जिंकलो, ते बचावाच्या जोरावर. सामन्यातल्या पहिल्याच चढाईत टचडाऊन (चेंडू समोरच्यांच्या शेवटच्या रेषेपार नेणं) बघायला आम्हाला नोव्हेंबर उजाडला. स्टेडियममध्ये लोक 'फायर कॅनडा' ओरडत होते ते मला कधीच आवडलं नाही. कुणाच्या पोटावर असं हजारोंनी ओरडू नये. पण ओरडणाऱ्यांचं दुखणं खरं होतं.

पाच दिवसांनी सिनसिनाटीत काय झालं ते मात्र मी विसरणार नाही. एडी फॉकनर आणि माइक सलिव्हन या हाताखालच्या दोघांनी आक्रमण सांभाळलं. खेळाडू तेच, क्वार्टरबॅक केनी पिकेट तोच. फरक एवढाच की चेंडू मैदानाच्या मध्यभागी जाऊ लागला. टाइट एंड, म्हणजे लाइनच्या टोकाला उभा राहून अडवणारा आणि झेलही घेणारा, पॅट फ्रायरमुथने नऊ झेल घेऊन १२० यार्ड मिळवले. संघाने ४०० यार्डांचा आकडा ओलांडला, जो २०२० नंतर ओलांडलाच नव्हता. गुण तरीही १६ च झाले हे कबूल. पण मधली सगळी जागा इतकी वर्षं रिकामी पडून होती आणि आम्ही कडेकडेने, मैदानाच्या रेषेला लागून खेळत होतो, हे त्या दिवशी सगळ्यांना दिसलं.

म्हणून स्मिथ यांच्याकडे माझं मागणं एकच आहे. धाव आणि फेक एकमेकींना जोडा, आणि चेंडू मध्यभागी टाका.

नाजी हॅरिस आणि जेलन वॉरन अशी धावणाऱ्यांची जोडी फार थोड्या संघांकडे आहे. नाजीने तिन्ही हंगामांत हजाराच्या वर यार्ड काढले आहेत. वॉरनला तर ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, कुणी घेतलंही नव्हतं. ३१ डिसेंबरला सिएटलविरुद्ध संघ २०२ यार्ड धावला. अशी जोडी असताना क्वार्टरबॅकने चेंडू त्यांच्या हातात देतोय असं भासवायचं, बचावातले मधले गडी पुढे झेपावले की त्यांच्या पाठीमागच्या मोकळ्या जागेत फेकायचा. याला प्ले-ॲक्शन म्हणतात. आमच्याकडे हे जेमतेम व्हायचं. कणीक मळून ठेवायची आणि तवा तापवायचाच नाही, अशातली गत.

आणि स्मिथ यांचं सगळं नाव याच गोष्टीवर झालं आहे. २०१९ आणि २०२० मध्ये ते टेनेसी टायटन्सचे ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर होते. मायामीने टायटन्सला देऊन टाकलेला क्वार्टरबॅक रायन टॅनहिल त्यांच्या हाती आला आणि त्याच वर्षी पुनरागमनाच्या पुरस्काराचा मानकरी ठरला. डेरिक हेन्री २०२० मध्ये २,०२७ यार्ड धावला, संघाने सरासरी ३० हून जास्त गुण केले. जानेवारी २०२० मध्ये त्यांनी बाल्टिमोरला बाल्टिमोरमध्ये जाऊन २८-१२ ने हरवलं. बाल्टिमोर रेव्हन्सचा तो संघ १४-२ (चौदा विजय, दोन पराभव) करून आलेला होता. पिट्सबर्गच्या माणसाला यापेक्षा वेगळं शिफारसपत्र काय द्यायचं?

वडील फेडएक्सचे संस्थापक, म्हणून या माणसाला सगळं आयतं मिळालं असं इथे काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. टेनेसीत एकामागून एक चार मुख्य प्रशिक्षक बदलले आणि हा गडी चौघांच्याही हाताखाली टिकला. लाइनमन (पुढच्या रांगेत उभे राहून समोरच्यांना अडवणारे) आणि टाइट एंड यांच्यासोबत राबून वर आला. ज्याला लाइनचं काम कळतं त्याला पिट्सबर्ग कळेल.

काळजी आहे ती अटलांटाची. तिथे ते तीन वर्षं मुख्य प्रशिक्षक होते आणि तिन्ही हंगाम ७-१० असे संपले. काइल पिट्स, ड्रेक लंडन, बिजान रॉबिन्सन असे तीन खेळाडू तीन वर्षांत ड्राफ्टच्या पहिल्या फेरीत घेतले. ते मैदानात असायचे आणि चेंडू भलत्याच्याच हातात जायचा. टाइट एंडवर आपली माया आहे हे ठीक, पण जो सर्वांत चांगला आहे त्याला आधी शोधा. आमच्याकडे तो चेंडू झेलणारा जॉर्ज पिकन्स आहे. २३ डिसेंबरला राखीव क्वार्टरबॅक मेसन रुडॉल्फने त्याच्याकडे चेंडू टाकले, तेव्हा त्याने एकट्याने १९५ यार्ड काढले आणि आम्ही ३४-११ ने जिंकलो. पोरगा तापट आहे, रुसतो, हे सगळ्यांना माहीत आहे. पण तीन-तीन डाऊन नुसतं धावून परत यायचं म्हटल्यावर कोण रुसणार नाही?

केनी पिकेटबद्दल इथे घराघरांत भांडणं आहेत. २०२२ मध्ये त्याला पहिल्या फेरीत घेतलं तेव्हा गावचाच मुलगा म्हणून आम्ही सगळे हरखलो होतो. तो पिट विद्यापीठाकडून याच स्टेडियमवर खेळलेला. दोन हंगामांत त्याच्या फेकीवर १३ टचडाऊन झाले. हा आकडा फार लहान आहे आणि त्यातला काही दोष त्याचा स्वतःचा आहे. तो दबाव नसतानाही जागा सोडून पळतो. तरीही टॅनहिलला ज्याने उभं केलं त्याच्यासोबत याला एक संपूर्ण हंगाम मिळायला हवा, असं माझं स्पष्ट मत आहे.

घाई मात्र आहेच, आणि ती टी. जे. वॉटसाठी आहे. गेल्या हंगामात बचावातल्या या गड्याने १९ सॅक केले (समोरच्या क्वार्टरबॅकला फेकण्याआधीच पाडणं म्हणजे सॅक), संपूर्ण लीगमध्ये सर्वाधिक. हा माणूस २०१७ मध्ये आला आणि आजवर त्याच्या वाट्याला प्लेऑफचा (हंगामानंतरच्या बाद फेरीचा) एकही विजय आलेला नाही. स्टीलर्सचा शेवटचा प्लेऑफ विजय जानेवारी २०१७ चा, म्हणजे तो येण्याच्या आधीचा. याच हंगामात ३ डिसेंबरला ॲरिझोनाविरुद्ध आमच्या चढाईला चौथ्या डाऊनला शेवटचा एक यार्ड मिळाला नाही, आणि समोरच्यांनी तिथून उलट ९९ यार्ड जाऊन टचडाऊन केला. चारच दिवसांनी न्यू इंग्लंडनेही आम्हाला आमच्याच मैदानात हरवलं. दोन्ही संघ आले तेव्हा दहा-दहा सामने हरलेले होते. संक्रांतीच्या दिवशी तिळगूळ वाटून झाल्यावर आम्ही बफलोविरुद्धचा प्लेऑफ सामना लावला. बर्फामुळे तो रविवारचा सोमवारवर गेला होता. वॉट गुडघ्याच्या दुखापतीने बाहेर, आणि दुसऱ्या क्वार्टरमध्ये ०-२१. शेवटी १७-३१. बचावाने इतकी वर्षं ओझं वाहिलं, आता चढाईने सरासरी १८ चे २३ गुण करावेत. माझी अपेक्षा याहून मोठी नाही.

त्यासाठी मालक आर्ट रूनी दुसरे आणि टॉमलिन यांनाही काही करावं लागेल. स्मिथ यांना बाहेरून आणलं हे चांगलं केलं. २०१२ मध्ये टॉड हेली आले, त्यानंतर दोन्ही वेळा घरातल्याच माणसाला बढती दिली होती. आता त्यांच्या कामात हात घालू नये. लाइनमन ब्रॉडरिक जोन्सला डाव्या बाजूला त्याच्या हक्काच्या जागी उभं करावं. आणि एप्रिलच्या ड्राफ्टमध्ये चांगला सेंटर, म्हणजे चेंडू मागे क्वार्टरबॅककडे देणारा गडी, घ्यावा. माइक वेबस्टर, डर्मोंटी डॉसन, मोरकीस पाउन्सी अशा सेंटरांच्या या संघात गेल्या वर्षी चेंडू क्वार्टरबॅकच्या हातात नीट पोचत नव्हता. विसाव्या क्रमांकाची निवड आपल्या हातात आहे. ती सेंटरवर खर्च केली तर टीव्हीवरचे पंडित नाकं मुरडतील, पण स्मिथ यांची प्रत्येक चाल त्याच्याच हातून सुरू होणार आहे.

आपली वाचक,
मन्रोव्हिल, पेनसिल्व्हेनिया