गाठ म्हटली की पिशवी काढायचीच का?

संपादक महोदय, स.न.वि.वि.

माझी वहिनी हर्णै बंदरात मासळी विकते. वर्षभर पाळीत दहा-दहा दिवस अंगावरून जात होतं, गुठळ्या पडायच्या, पण "उष्णता झालीय" म्हणत कोकम सरबत पीत राहिली आणि पाटीजवळ जुन्या साडीचे तुकडे घेऊन बसायची. शेवटी धक्क्यावरच चक्कर येऊन पडली, हिमोग्लोबिन 6. सोनोग्राफीत फायब्रॉइड, म्हणजे गर्भपिशवीतल्या गाठी, निघाले. पहिल्या डॉक्टरांनी पाच मिनिटांत सांगितलं, पिशवी काढून टाका. अहो, तिचं वय 34, तिला अजून एक मूल हवंय!

दुसऱ्या डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं की या गाठी बहुतेक वेळा कॅन्सरच्या नसतात, त्रास नसेल तर नुसतं लक्ष ठेवलं तरी चालतं, पाळी गेल्यावर त्या बऱ्याचदा आकसतात, रक्तस्राव गोळ्यांनी कमी करता येतो आणि मूल हवं असेल तर पिशवी ठेवून फक्त गाठ काढता येते, कधी दुर्बिणीतूनसुद्धा. सारखी लघवी लागणं, ओटीपोट जड वाटणं हीपण लक्षणंच, हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं.

बंदरावर निदान महिन्यातून एकदा बायकांचं हिमोग्लोबिन तपासायची सोय करा, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, ता. दापोली