व्हेंटिलेटरचे प्रशिक्षण अलार्म वाजवून द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कोविडकाळात जिल्हा व उपजिल्हा रुग्णालयांत व्हेंटिलेटर आले, पण अनेक ठिकाणी कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण कंपनीच्या माणसाने दाखवलेल्या बटणांपाशीच थांबते. अलार्म वाजल्यावर पहिल्या मिनिटात काय करायचे, हे त्यातून येत नाही. त्यासाठी प्रसंग हुबेहूब उभा करून सराव घ्यावा लागतो आणि त्याला लाखो रुपयांचा सरावाचा पुतळाच हवा असे नाही.

मोकळा व्हेंटिलेटर, रबरी टेस्ट लंग (फुफ्फुसाऐवजी जोडायची पिशवी), रुग्णाच्या श्वासनलिकेत घालतात ती साडेसात नंबरची ट्यूब आणि चिमटा एवढ्यावर भागते. टायडल व्हॉल्यूम (एका श्वासात जाणारी हवा) ४५० मि.लि., रेट मिनिटाला १४, पीप (श्वास सोडल्यावर उरणारा दाब) ५ ठेवा. ट्यूब चिमट्याने अर्धवट दाबली की पीक प्रेशर (हवा आत जातानाचा सर्वोच्च दाब) चढते, पण इन्स्पिरेटरी होल्ड दिल्यावर, म्हणजे भरलेला श्वास क्षणभर रोखल्यावर, प्लॅटो (हवा थांबली असतानाचा दाब) होता तेवढाच दिसतो. म्हणजे रुग्णाच्या बाबतीत ट्यूब वाकली, कफ अडकला किंवा श्वासनलिका आवळल्या. चिमटा काढून टेस्ट लंगला दोन रबरबँड बांधा. आता दोन्ही आकडे चढतात. म्हणजे फुफ्फुस कडक झाले, छातीत हवा भरली किंवा ट्यूब खोल जाऊन उजव्या फुफ्फुसाच्या नळीत सरकली. फळ्यावर कितीदा सांगूनही न उमगणारा हा फरक पडद्यावर लगेच कळतो. वॉटर ट्रॅपचा, म्हणजे नळ्यांतले पाणी जमण्याचा, कप सैल करूनही पाहा : गळती तिथे असते आणि सगळे ट्यूब तपासत बसतात.

हमखास दिसणारी चूक म्हणजे हात आधी अलार्म बंद करायला जातो. आधी रुग्णाची छाती हलते का ते पाहायचे. सॅच्युरेशन घसरत असेल तर व्हेंटिलेटर काढून ऑक्सिजन जोडलेली अंबू बॅग (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी) लावायची, दर ६ सेकंदांनी एक श्वास. बॅग सहज दाबली गेली तर दोष यंत्रात किंवा सर्किटमध्ये (त्याच्या नळ्यांत). जड गेली तर ट्यूबमध्ये किंवा छातीत, मग सक्शन कॅथेटर (कफ ओढून काढण्याची नळी) घालून पाहायचा. घाईत मिनिटाला ३० वेळा बॅग दाबली जाते. दमेकऱ्याच्या छातीत हवा कोंडून रक्तदाब कोसळतो. सरावात समोर घड्याळ हवेच.

१० मिनिटांच्या सरावानंतर किमान २० मिनिटे चर्चा व्हावी. तिचा गोपनीय अहवालाशी संबंध जोडू नये, नाहीतर कुणी मोकळे बोलणार नाही. आरोग्य विभागाने दरमहा असा एक तास प्रत्येक आयसीयूला, रात्रपाळीसह, बंधनकारक करावा. सरावाच्या बॅग व सर्किटवर ‘फक्त सरावासाठी’ अशी लाल पट्टी लावावी आणि व्हेंटिलेटर रुग्णाला जोडण्याआधी नवे सर्किट लावून सेल्फ टेस्ट करावी.

– अतिदक्षता विभागातील श्वसनोपचार तंत्रज्ञ