ड्रायरच्या धुक्याविषयी मित्रास पत्र

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार.

डॅनिश दिग्दर्शक कार्ल थिओडोर ड्रायर यांचा 1932 सालचा ‘वाम्पीर’ हा रक्तपिपासू पिशाच्चाचा चित्रपट तू फार पूर्वी एका जीर्ण प्रतीवर पाहिलास आणि काही धड दिसतच नाही म्हणून बाजूला ठेवलास. आता त्याची पुनरुज्जीवित प्रत मी पाहिली आहे आणि तू तो पुन्हा पाहावास, असा माझा आग्रह आहे. कारण त्यातला कोणता धूसरपणा काळाने आणला आणि कोणता दिग्दर्शकाने योजला, हे आता निराळे करून पाहता येते.

चित्र आणि ध्वनी यांच्या मूळ निगेटिव्ह हरवलेल्या असल्यामुळे मार्टिन कोर्बर यांनी 1998 साली जर्मन आणि फ्रेंच आवृत्त्यांच्या उरलेल्या प्रती जुळवून हे पुनरुज्जीवनाचे काम केले. ओरखडे काढायचे, पण धुक्याला हात लावायचा नाही, ही त्यातली कसोटी होती. छायाचित्रकार रुडॉल्फ माते यांनी ते करडेपण कॅमेऱ्यासमोर जाळीदार कापड धरून मिळवले होते. ते पुसून सगळे लख्ख केले असते, तर फ्रान्समधल्या कूर्ताँपिएर गावच्या त्या खऱ्याखुऱ्या वास्तूत वावरणारा नायक जागा आहे की स्वप्नात, हा प्रश्नच उरला नसता.

शवपेटीचा प्रसंग मात्र तू अगदी सावकाश पाहा. नायक ॲलन ग्रे स्वतःचेच प्रेत पेटीत पाहतो आणि मग कॅमेरा त्या प्रेताच्या डोळ्यांनी पाहू लागतो: झाकणातल्या काचेवर मेणबत्ती ठेवली जाते, रक्तपिपासू म्हातारी वाकून आत डोकावते आणि पेटी उचलल्यावर झाडांचे शेंडे व आकाश वरून सरकत जाते. ही भूमिका निकोलस द गुन्झबर्ग यांनी ज्युलियन वेस्ट या नावाने केली. चित्रपटाला पैसाही त्यांनीच पुरवला. ते व्यावसायिक नट नव्हते, आणि त्यांचा कोरा चेहरा मला तरी इथे अतिशय योग्य वाटतो. याउलट लेओनची भूमिका करणारी सिबिल श्मिट्झ कसलेली अभिनेत्री. त्या म्हातारीची शिकार झालेली आजारी लेओन आपल्या बहिणीकडे पाहता पाहता हसू लागते, त्या एका दृश्यात सुळे किंवा रक्त न दाखवता तिने जी भीती उभी केली आहे, तिला तोड नाही.

शक्यतो जर्मन ध्वनिपटाचीच प्रत मिळव. संवाद मोजके आहेत, पण वोल्फगांग त्सेलर यांचे संगीत जवळजवळ अखंड चालते. म्हातारीच्या साथीदार डॉक्टरचा पिठाच्या गिरणीतला शेवट जर्मन सेन्सॉरने कापायला लावला होता, तो मोठा तुकडाही जमल्यास पाहा आणि लेओनच्या त्या हसण्याविषयी तुझे मत मला सविस्तर कळव.

तुझा,
माधव