तात्यांच्या डब्याची चौकशी करणाऱ्या काकांना

काका,
सादर नमस्कार.

कादंबरीची पहिली प्रत तुम्हाला पोस्टाने पाठवलीच आहे. पण प्रत पाठवून मन भरलं नाही. काही आभार चारचौघांत मानावेत असं वाटतं, म्हणून हे जाहीर पत्र.

१८ जानेवारी १९८२ ला मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. तो संप अधिकृतपणे मागे घेतलाच गेला नाही, आणि आमच्यासारख्या घरांत तो अजूनही संपलेला नाही. हे सगळं कादंबरीत लिहून मी प्रकाशकांचे उंबरे झिजवले. एकांनी पहिला प्रश्न विचारला तो फॉलोअर्स किती आहेत हा. दुसऱ्या ठिकाणच्या संपादकांनी ‘नायिकेची तडफड फार भावली’ असं कळवून नकार दिला. माझ्या कादंबरीत नायिकाच नाही! नकार मी पचवला असता. पण न वाचता केलेल्या त्या कौतुकाने लिहिण्यावरचं मनच उडालं. वाक्य न् वाक्य वाचणारं कोणी उरलं नसेल, तर रात्री जागून ते घासायचं कोणासाठी?

पुढे एका लहान प्रकाशकांनी हिंमत केली. तेव्हाही कोणीतरी सुचवलं, की मुद्रितशोधनाला आता माणूस कशाला, सॉफ्टवेअर आहे की. प्रकाशक म्हणाले, काकाच वाचतील.

प्रुफं आली. ह्रस्व-दीर्घ, सुटलेले अनुस्वार, तुटलेली जोडाक्षरं, सगळं लाल शाईत. आणि एका पानाच्या समासात, शिसपेन्सिलीने, बारीक अक्षरात एकच ओळ : ‘तात्या मग डबा कुठे बसून खात?’

संप फसल्यावरही माझ्या कादंबरीतले तात्या रोज सकाळी डबा घेऊन घराबाहेर पडतात, चाळीत कोणाला कळू नये म्हणून. मी त्यांना दारापर्यंत पोचवलं होतं आणि संध्याकाळी थेट घरी आणलं होतं. मधल्या वेळात त्यांच्यामागे तुम्ही गेलात. पानामागे मिळणाऱ्या तुटपुंज्या मोबदल्यात हे काम बसत नाही, काका. खोडता यावं म्हणून तुम्ही पेन्सिल वापरलीत, हेही माझ्या लक्षात आलं.

त्या ओळीमुळे दोन नवी पानं लिहिली. तात्या केईएमच्या आवारात जाऊन जेवू लागले. तिथे पेशंटचे नातेवाईक जागा मिळेल तिथे डबे उघडून बसलेले असतात. तू कोणाचा, इथे कशाला, असं कोणी विचारत नाही. एके दिवशी शेजारच्या म्हाताऱ्याकडे काहीच नाही हे पाहून तात्या त्याला अर्धी भाकरी देतात. कादंबरीत मला सर्वांत जवळची पानं हीच, आणि ती तुमची आहेत.

तुमचा प्रश्न त्या काळात किती कामगारांना कोणी विचारला असेल? जमिनीचा हिशेब मात्र चोख झाला. १९९१ च्या शहरविकासाच्या नियमात गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे होते : मोकळ्या जागेला, परवडणाऱ्या घरांना आणि मालकांना. २००१ मध्ये नियम बदलला, वाटणी फक्त बांधकाम नसलेल्या, रिकाम्या जमिनीपुरती उरली, आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल उचलून धरला. आज लालबाग-परळमध्ये मान वर करून बघावं लागतं असे टॉवर आहेत. या शहरात ज्याला त्याला घाई आहे, मलाही आहे. अशा घाईत, ज्याला आपण कधी भेटणार नाही, जो मुळात कागदावरचाच आहे, त्या माणसाच्या जेवणाची चिंता कोणाला तरी वाटली. माणुसकी म्हणतात ती मला त्या समासात दिसली. कामाच्या चौकटीबाहेर, कोणी बघत नसताना अशी काळजी करणारी माणसं अजून आहेत. त्यांची नावं पुस्तकावर येत नाहीत, याची मला मनापासून चीड आहे.

म्हणून प्रकाशकांशी बोलले आहे. पुढच्या आवृत्तीत श्रेयाच्या पानावर तुमचं नाव जाईल, मुखपृष्ठकाराच्या नावाइतक्याच टायपात. तुम्ही नको म्हणाल, हे ठाऊक आहे. या वेळी ऐकणार नाही. त्या पानाचं प्रूफ मात्र तुम्हीच तपासा.

आपली कृतज्ञ,
तात्यांची लेखिका