व्यापार करारातच भरपाईची तरतूद हवी

संपादक महोदय,

शेजारी देशांनी आपसांतील आयातशुल्क हटवले की गरीब सदस्याचे दरडोई उत्पन्न आपोआप श्रीमंत सदस्याच्या जवळ जाते, हे गृहीतक व्यापार करारांवरील चर्चेत इतके रूढ झाले आहे की त्याची शहानिशा करण्याची गरज कोणाला वाटत नाही. प्रत्यक्ष इतिहास पाहिला तर ते सरसकट खरे ठरत नाही.

पूर्व आफ्रिकेचा अनुभव बारकाईने पाहण्याजोगा आहे. केनिया, युगांडा आणि टांझानिया यांची वसाहतकाळापासून सामायिक बाजारपेठ होती; कारखाने मात्र प्रामुख्याने केनियात एकवटले, कारण बँका, कुशल कामगार आणि पूरक उद्योग तिथे आधीपासून होते आणि नव्या कारखानदारालाही साहजिकच तिथेच जाणे परवडत असे. बाहेरच्या मालावर सामायिक शुल्क असल्याने उरलेल्या दोघांना जगाच्या बाजारात स्वस्त मिळू शकणारा माल अनेकदा केनियाकडून चढ्या दराने घ्यावा लागे, शिवाय शुल्काचे उत्पन्न बुडे ते वेगळेच. या तिघांचा पूर्व आफ्रिकी समुदाय स्थापणाऱ्या 1967 च्या करारात यावर उपाय योजले होते. मागे पडलेल्या देशांना केनियाच्या कारखानी मालावर मर्यादित हस्तांतर कर लावण्याची मुभा मिळाली, आणि तिघांनी समान भांडवल घातलेल्या विकास बँकेच्या गुंतवणुकीपैकी टांझानिया व युगांडाला प्रत्येकी 38.75 टक्के, तर केनियाला 22.5 टक्के मिळावेत असे ठरले. सूत्र न्याय्य होते, पण कारखान्यांचा ओघ वळवण्याइतके बळ त्यात नव्हते. 1977 मध्ये हा समुदाय मोडला. त्याचे खापर केवळ युगांडाचे लष्करशहा इदी अमीन यांच्या राजवटीवर फोडणे मला पटत नाही, कारण लाभाच्या वाटणीची तक्रार 1971 च्या त्यांच्या बंडाहून जुनी होती.

याउलट उदाहरण म्हणून आयर्लंडचे नाव घेतले जाते. तो देश 1973 मध्ये युरोपीय समुदायात आला, परंतु त्याची खरी झेप सुरू झाली ती 1980 च्या दशकाच्या अखेरीस. माध्यमिक शिक्षण 1967 पासून मोफत झाले होते, कंपनी कर कमी होता, अमेरिकी कंपन्या येत होत्या आणि 1988 नंतर युरोपच्या संरचनात्मक निधीत, म्हणजे मागे पडलेल्या प्रदेशांच्या विकासासाठी दिल्या जाणाऱ्या पैशात, मोठी वाढ झाली. हे सारे जुळून आल्यावर दरी बुजू लागली. (आयर्लंडचे आकडेही जपूनच वाचावेत. 2015 मध्ये तेथील सकल देशांतर्गत उत्पादन सुमारे 26 टक्क्यांनी वाढल्याचे दिसले, ते मुख्यतः बहुराष्ट्रीय कंपन्यांनी आपली मालमत्ता हिशेबात तिकडे वळवल्यामुळे.) ग्रीसलाही युरोपचा निधी मिळाला, तरी 2008 नंतरच्या संकटात त्याने कमावलेले बरेचसे गमावले. म्हणजे निधी पुरेसा नसतो. पण जिथे सर्वच सदस्य विकसनशील असतात आणि उद्योग त्यातल्या त्यात पुढारलेल्या देशाकडे धावतात, तिथे निधीशिवाय गरीब सदस्याच्या हाती फारसे काही उरत नाही.

दक्षिण अमेरिकेतील मर्कोसुर या व्यापारी गटाची स्थापना 1991 मध्ये झाली, पण पॅराग्वे व उरुग्वे या त्यातील लहान सदस्यांना झुकते माप देणारा निधी प्रत्यक्ष उभा राहायला दशकाहून अधिक काळ गेला. एवढा विलंब टाळायचा तर अशा भरपाई निधीचा आकार, वाटपाचे सूत्र आणि मुदत शुल्ककपातीच्या वेळापत्रकासोबत त्याच मसुद्यात लिहिली गेली पाहिजे. यापुढे कोणत्याही प्रादेशिक कराराची बातमी देताना या तीन बाबींची चौकशी आपल्या वृत्तपत्राने आवर्जून करावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक