बंड्या, आधी आईला विचार

इंदूर, रविवार दुपार

प्रिय बंड्या,

परवा फोनवर तू विचारलंस की ती कॅमेरावाली घंटी कशी आहे, आईकडं सुदामानगरला लावून देऊ का, आणि मी 'मस्त आहे, लावून टाक' म्हणून मोकळा झालो. तेव्हा मी पीथमपूरहून परत येत होतो बसमध्ये, डोकं आऊट झालेलं, शेजारचा माझ्या खांद्यावर झोपलेला. घरी आल्यावर वाटलं हे काही बरोबर सांगितलं नाही आपण. म्हणून हे ईमेल. व्हॉइस नोट तू ऐकत नाहीस, दीड मिनिटाच्या वरची तर उघडतही नाहीस, माहितीये मला.

घंटी घेतली ती आप्पांमुळं. मी सकाळी सातला बाहेर, हिची हॉस्पिटलची शिफ्ट कधी दिवसाची कधी रात्रीची, घरात आप्पा आणि आई. आप्पांना आता डाव्या कानानं जवळजवळ नाहीच आणि मशीन लावायची म्हटलं की शिट्टी वाजते म्हणून काढून डबीत ठेवतात. बँकेचं नवीन कार्ड तीनदा परत गेलं, तिन्ही वेळा शेरा काय तर घर बंद होतं. अरे घर कुठलं बंद, आप्पा पुढच्या खोलीतच बसले होते, टीव्हीवर मॅच, आवाज असा की कोपऱ्यावरच्या पोहेवाल्यालाही स्कोर कळावा. तेव्हा म्हटलं आता घ्यायचीच. दारावर कुणी आलं की माझ्या फोनवर दिसेल, मीच तिथून बोलेन की भैया थांबा जरा, उघडतात.

आता लावायची कथा. आपला इलेक्ट्रिशियन तुला आठवतो ना, लुनावाला, तोच. आला, जुनी डिंगडाँग घंटी उचकटली आणि म्हणाला, 'भिया, दो तार हैं, दो पेंच हैं, अभी जोड़ देता हूँ'. मी पुस्तक वाचलं होतं म्हणून वाचलो. या घंट्या मुळात अमेरिकेतल्या घरांसाठी निघालेल्या, तिकडं घंटीसाठी वेगळा छोटा ट्रान्सफॉर्मर असतो आणि तारेत १६ ते २४ व्होल्टच येतात. आपल्याकडं घंटीच्या बटणात सरळ २३० व्होल्ट. जोडली असती तर वीज येताच धूर. वायरवरच चालवायची असेल तर मध्ये बेल ट्रान्सफॉर्मर बसवावा लागतो, महाराणी रोडला मिळतो, पण मग पुढच्या भिंतीची तोडफोड, आणि ती भिंत आप्पांनी स्वतः उभी राहून बांधून घेतलेली, तिला हात लावायचा म्हणजे. म्हणून बॅटरीची घेतली. चार फुटांवर भिंतीत स्क्रूसाठी दोन गिट्ट्या ठोकल्या, झालं. उंचीवरून मात्र वाद झाला. लुनावाला म्हणे सहा फुटांवर लावा, चोर हात लावणार नाही. पण सहा फुटांवरून नुसती टकली दिसतात. चार फुटांवर माणूस डोक्यापासून चपलेपर्यंत दिसतो आणि खाली ठेवलेलं पार्सलही.

मग वायफाय. हे प्रकरण मात्र शनिवारी दुपारी दोनला सुरू झालं आणि दिवेलागणीला संपलं. ॲप फोनवर एक क्यूआर कोड दाखवतं, तो घंटीच्या डोळ्यासमोर धरायचा, ती 'टुंग' म्हणते आणि नेटला जोडली जाते. आमची टुंग म्हणायची आणि मग गप्प. आठ वेळा केलं. नवव्या वेळी फोन आप्पांनी धरला, म्हणे तुझा हात हलतो. शेवटी भाच्याला फोन लावला, त्यानं दोन मिनिटांत सांगितलं. राउटर दोन प्रकारच्या लहरी सोडतो, २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ, आणि आमच्या राउटरवर दोन्हींचं नाव एकच ठेवलेलं. या बहुतेक घंट्यांना २.४ च कळतं. फोन ५ वर बसलेला, घंटी बिचारी ते शोधतीये जे तिला ऐकूच येत नाही. अगदी आप्पांसारखं. ५ वालं तेवढ्यापुरतं बंद केलं, पहिल्याच वेळी जोडली गेली.

तरी चित्र अडकत होतं. राउटर मागच्या खोलीत, मध्ये रामबागेतल्या जुन्या घराच्या त्या दीड वितीच्या भिंती. ॲपमध्ये सिग्नलचा एक आकडा दिसतो, उणे ७८ होता, हा शून्याच्या जितका जवळ तितका बरा. राउटर मधल्या खोलीत देवघराच्या वर आणून ठेवला तर उणे ५९ झाला. आई म्हणाली देवांच्या डोक्यावर? मग बाजूला सरकवला, उणे ६१. तेवढं चालतं.

पहिले तीन दिवस माझा फोन नुसता वाजत होता. सकाळी कचरागाडी गाणं वाजवत येते ती, तिच्यामागून बादल्या घेऊन पळणारी अख्खी गल्ली, मग दूधवाला, मग ती तांबडी गाय जी पोळीसाठी आपल्याच दारात उभी राहते, प्रत्येकाची नोटिफिकेशन. मी कारखान्यात लाइनवर उभा आणि खिशात टिंग टिंग. सुपरवायझर म्हणाला काय शेअर बाजार चालवतोस का. हे कसं होतं तर बॅटरीवाल्या घंटीत एक सेन्सर असतो तो हलणारी उष्णता बघतो, माणूस असो की गाय. आणि त्याची एक खोड आहे, आडवं जाणारं त्याला लगेच कळतं, सरळ अंगावर चालत येणारं उशिरा कळतं. म्हणजे समोरच्या गल्लीतून जाणारी रिक्षा हिला बरोबर दिसणार, आणि फाटकातून नाकासमोर दाराशी येणारा कुरिअरवाला पायरी चढल्यावर दिसणार! मग घंटीच्या मागं तिरपी प्लास्टिकची पाचर लावून तिचं तोंड फाटकाच्या बाजूला वळवलं आणि ॲपमध्ये बोटानं रेघा ओढून रस्ता कापून टाकला. आता बरंच शांत आहे. बॅटरीही या टिंगटिंगवरच खर्च होते हे लक्षात ठेव. खोक्यावर सहा महिने लिहिलंय, माझी पहिली सात आठवड्यांत संपली.

आणि ज्याच्यासाठी सगळं केलं ते. घंटी दाबतो कोण? आपल्याकडं कुणी घंटी दाबतं का रे? दूधवाला 'दूऽऽध' ओरडतो, काकू फाटकाशीच 'अहो आहात का' म्हणतात आणि उत्तर यायच्या आत स्वयंपाकघरात पोचलेल्या असतात, तू स्वतः कधी दाबलीस आमची घंटी? शिट्टी मारायचास. पहिल्या महिन्यात बटण दाबलं ते कुरिअरवाल्यांनी, गणपतीच्या वर्गणीवाल्या पोरांनी आणि सर्वांत जास्त आप्पांनी, वाजते का बघायला. बोलायची सोय आहे पण आवाज नेटवरून फिरून येतो, एकदीड सेकंद उशीर होतो, मी 'कोण' म्हणेपर्यंत समोरचा 'कोई है' म्हणतो, मग दोघं एकदम, मग दोघं गप्प. पण कार्ड आलं बरं का. मी पीथमपूरवरून बोललो, कुरिअरवाला दचकून दोन पायऱ्या खाली उतरला, मी म्हटलं भैया थांबा, आणि आईच्या फोनवर रिंग दिली. तेवढ्यासाठी पैसे वसूल म्हणतो मी.

मध्ये एकदा वाचत होतो तर कळलं ही कल्पना अजिबात नवीन नाही. न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये राहणारी एक नर्स होती, मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन, तिच्याही ड्यूटीच्या वेळा वेड्यावाकड्या, पोलीस बोलावले तर वेळेवर यायचे नाहीत, तर तिनं नवऱ्याबरोबर दाराला वेगवेगळ्या उंचीवर भोकं, त्यांच्यामागं वरखाली सरकणारा कॅमेरा, आत टीव्ही, बोलायला माइक आणि आतूनच दार उघडायचं बटण असं सगळं आखलं. १९६६ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला, १९६९ मध्ये मिळालं. मी हे कौतुकानं हिला वाचून दाखवलं, म्हटलं बघ, नर्सच होती. तर ही म्हणाली, तिचा नवरा इलेक्ट्रॉनिक्सवाला होता, तुला गिट्टीसुद्धा लुनावाल्यानं ठोकून दिली.

बरं, आता खरी गोष्ट, जी फोनवर नाही सांगितली.

आमचा ओटला तुला माहितीये. साडेचारला ऊन समोरच्या भिंतीवर चढलं की आईची बैठक, शेजारच्या काकू, कोपऱ्यावरची मालवी भाभी, वरच्या मजल्यावरच्या कुलकर्णी आजी, कुणाची मेथी निवडून होते, कुणाचे मटार, आणि दिवेलागणीपर्यंत सगळ्या गल्लीचं ऑडिट. तीस वर्षं तरी चाललंय. आपण दोघं दहावीत असताना आपला निकाल घरी कळायच्या आधी त्या ओटल्यावर कळला होता. आता घंटी बरोबर त्यांच्या डोक्यावर. पहिल्या आठवड्यात कुणाच्या लक्षातही आलं नाही की ती चित्राबरोबर आवाजही धरते. माझ्याही नाही. एक दिवस बसमध्ये कंटाळा आला म्हणून दुपारची क्लिप उघडली, तर काकू सुनेच्या माहेरून येणाऱ्या फ्रिजबद्दल सांगत होत्या, रंगवून रंगवून, मला हसू आवरेना. आणि मी गाढव, संध्याकाळी काकू दिसल्या तर विचारलं, काय काकू, मग फ्रिज आला का?

बंड्या, त्यांचा चेहरा. त्या आधी माझ्याकडं बघत राहिल्या, मग वर, घंटीकडं. निळा लाइट गोल गोल फिरत होता तिचा.

दुसऱ्या दिवशी ओटला रिकामा. बैठक तीन घरं पलीकडं भाभींकडं हलली. आईचे गुडघे तुला माहितीयेत, त्यांच्याकडं टेकायला भिंत नाही, उंच पायरी, ती दोन दिवस गेली, तिसऱ्या दिवशी गेली नाही. घरात भांडली बिंडली नाही. नुसतं ताट समोर ठेवायची आणि आत जायची. चौथ्या दिवशी वरण वाढताना एवढंच म्हणाली, चोर यायचा तेव्हा येईल, बायका यायच्या बंद केल्यास तू.

मला झोप लागेना. शोधत बसलो तर इंग्लंडात हेच झालेलं, २०२१ मध्ये ऑक्सफर्डच्या कोर्टात एका बाईंनी शेजाऱ्याच्या अशाच घंटी आणि कॅमेऱ्यांवर केस केली आणि जिंकल्या. कोर्टाचं म्हणणं असं की चित्रापेक्षा आवाज वाईट, कॅमेऱ्याच्या चौकटीत नसलेल्या, लांब उभ्या माणसाचं बोलणंसुद्धा त्यात येतं, आणि घराच्या राखणीला एवढ्या आवाजाची गरज नाही. आपल्याकडं लोकांच्या खासगी डेटाचा २०२३ चा कायदा आहे पण घरगुती कामासाठी स्वतः केलेल्या वापराला तो लागू नाही. म्हणजे काकू माझ्यावर केस करणार नव्हत्या. त्या फक्त येणार नव्हत्या.

त्याच रात्री ॲपमध्ये शोधून आवाजाचं रेकॉर्डिंग बंद केलं. असतं ते बटण, पण कुठं, तर प्रायव्हसीच्या आत, मग व्हिडिओच्या आत, आणि कंपनीकडून चालूच करून आलेलं. ओटल्याचा भाग काळ्या चौकटीनं झाकला. सगळ्या जुन्या क्लिपा पुसल्या. काकूंच्या घरी जाऊन माफी मागितली, फोन दाखवला, हे बघा बंद केलं. त्या म्हणाल्या हो हो, बरं झालं, चहा घे. पण आल्या नाहीत. त्यांचं बरोबर होतं रे, लाइट तर फिरतोच ना. माझ्या फोनमधलं बटण त्यांना कुठून दिसणार?

तोडगा आईनं काढला. जांभळ्या लोकरीचं क्रोशाचं झाकण विणलं, पूर्वी रेडिओला असायचं ना तसं, वर एक लूप आणि बाजूला काजाबटण. साडेचारला स्वतः जाऊन सगळ्यांसमोर घंटीला घालते, दिवा लावायच्या आधी काढते. पहिल्या दिवशी एकट्या भाभी आल्या. मग कुलकर्णी आजी. काकू आठवड्यानं आल्या, आल्या आल्या झाकण ओढून बघितलं घट्ट आहे का. आता माझ्या फोनवर रोज साडेचारला एक नोटिफिकेशन येते, उघडली की आईचा अंगठा, मोठाच्या मोठा, आणि मग सगळं जांभळं.

तर तुझ्या आईकडचं. लाव, नको म्हणत नाही, एकटी असते, आणि त्या गॅसची चौकशी करायला येतात म्हणून सांगणाऱ्या लोकांसाठी उपयोगच होईल. पण आधी तिला विचार की दुपारी तुझ्याकडं कोण कोण येतं आणि कुठं बसतं. बॅटरीचीच घे आणि चार फुटांवरच लाव, चार्जिंगला काढायला तिला स्टुलावर चढायला लागता कामा नये. काढायचा पाना खोक्यात एकच येतो, तो फ्रिजवर चिकटव, माझा हरवला होता. पासवर्ड तुझ्या वाढदिवसाचा ठेवू नको, सगळ्या गल्लीला पाठ आहे, आणि ओटीपीवालं दुसरं कुलूप लाव. क्लिपा साठवायला महिन्याचं सबस्क्रिप्शन घ्यायच्या आधी मेमरी कार्डवाली मिळते का बघ, मला ते उशिरा कळलं. आणि आवाज पहिल्याच दिवशी बंद कर, तिच्यासमोर, आणि तिच्या मैत्रिणींसमोरही. तू पुण्यात बसून काय ऐकणार आहेस, तुला इथलं सगळं तसंही काकूंकडून कळतंच.

येशील तेव्हा लुनावाल्याला बोलावून ठेवतो, पण तार जोडायला निघाला तर हात धर त्याचा. आईनं तुझ्या आईसाठी झाकण विणायला घेतलंय, जांभळी लोकर संपली म्हणे, घरात आता पोपटी आणि मरून आहे. कोणती ते कळव, ती रोज विचारते.

तुझा,
विन्या