गोळी झाडली नाही, तरी माजी सैनिकच

मा. संपादक,
स. न. वि. वि.

'लढाई पाहिलेल्यालाच माजी सैनिक म्हणावे' असे मत मांडणारे पत्र आपल्या अंकात वाचले. मी एएससीत, म्हणजे सैन्याला रसद पोचवणाऱ्या आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये, ड्रायव्हर होतो, हवालदार म्हणून निवृत्त झालो. शत्रूवर एकही गोळी झाडलेली नाही. म्हणजे पत्रलेखकांच्या हिशेबात मी नापास.

लडाखच्या वाटेवरच्या झोजिला खिंडीच्या थंडीत पहाटे चाकांना साखळ्या बांधताना हातमोजा काढला की बोटांची कातडी लोखंडाला चिकटते. मागे गाडीत रॉकेल आणि पीठ. ते वर पोचले नाही तर रायफलवाला काय करणार? आणि सियाचीनमध्ये सोनम चौकीवर 3 फेब्रुवारी 2016 रोजी हिमकडा कोसळून दहा जवान गाडले गेले, तेव्हा तिथे कुठली लढाई चालू होती? त्या दहांत साताऱ्याचा एक नर्सिंग असिस्टंटही होता.

सरकारी नियम या बाबतीत पत्रलेखकांपेक्षा उदार आहे. माजी सैनिकांना केंद्र सरकारी नोकरीत घेण्यासाठीच्या 1979 च्या नियमांतल्या व्याख्येत लढाऊ की बिगरलढाऊ हा प्रश्नच नाही. हुद्दा कोणताही चालतो. 14 एप्रिल 1987 पूर्वी आर्मी पोस्टल सर्व्हिसमध्ये सहा महिन्यांहून जास्त काळ प्रतिनियुक्तीवर असलेला टपाल कर्मचारीही त्यात बसतो. बसलाच पाहिजे. ज्याने शपथ घेतली, लष्करी कायदा अंगावर घेतला आणि 'उद्या तिकडे जा' म्हटल्यावर कारण न विचारता ट्रंक भरली, तो सैनिक. असा माणूस सन्मानाने घरी आला की तो माजी सैनिक. गैरवर्तनासाठी बडतर्फ झालेल्याला नियम वगळतो, तेही योग्यच. (गाडीच्या काचेवर 'आर्मी' लिहून टोलनाक्यावर हुज्जत घालणाऱ्या नातेवाइकांबद्दल पुन्हा कधीतरी.)

माझी खरी तक्रार वेगळी आहे. अग्निपथ योजनेतून भरती झालेला अग्निवीर चार वर्षे हीच शपथ, हाच कायदा, हीच बदली पत्करतो. बुलढाणा जिल्ह्यातला एक अग्निवीर ऑक्टोबर 2023 मध्ये सियाचीनमध्ये कर्तव्यावर असताना गेला. तो चार वर्षे पुरी करून धडधाकट परतला असता, तर आजच्या अटींप्रमाणे माजी सैनिक ठरला नसता. त्याच चौकीवर त्याच्या शेजारी झोपणारा, पंधरा वर्षे करून पेन्शनवर आलेला शिपाई मात्र ठरतो. यामागे पैशाचे गणित आहे हे कळते. कँटीन, ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना), नोकरीतले आरक्षण सगळ्यांना देणे परवडत नसेल. मग सवलती सेवेच्या वर्षांप्रमाणे कमी-जास्त ठेवा, चार वर्षांवाल्याला पेन्शन द्या असे मी म्हणत नाही. माजी सैनिकाचे ओळखपत्र मात्र द्या. त्याला फारसा खर्च नाही.

एका ठिकाणी माझा निकष अडतो. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत किंवा डेहराडूनच्या लष्करी अकादमीत प्रशिक्षणात जायबंदी होऊन घरी पाठवलेला कॅडेट अजून कमिशन झालेला, म्हणजे अधिकारी म्हणून नेमला गेलेला नसतो, म्हणून तो व्याख्येबाहेर राहतो. उलट प्रशिक्षणातच जायबंदी होऊन अपंगत्व पेन्शन मिळालेला रिक्रूट, म्हणजे शिपाई म्हणून नव्याने भरती झालेला, माजी सैनिक ठरतो. 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा कॅडेटांची दखल स्वतःहून घेतली आणि त्यांना ईसीएचएसचे उपचार खुले झाले. माजी सैनिक या दर्जाचे तेवढे राहिले. माझे माप इथे तोकडे पडते हे मान्य, पण ज्याचा कणा सैन्याच्या मैदानावर मोडला त्याला 'तू आमचा नव्हतास' असे मी तरी म्हणणार नाही.

अग्निवीरांच्या पहिल्या तुकडीची चार वर्षे 2026 च्या अखेरीस भरू लागतात. त्यांच्यापैकी जास्तीत जास्त पाव मुले कायम होतील, बाकीची गावी परततील. निमलष्करी दलांत त्यांच्यासाठी राखीव जागा जाहीर झाल्या आहेत, पण 'माजी अग्निवीर' अशा वेगळ्या नावाने. व्याख्येत एक कलम वाढवायला संसदेत कायदा करावा लागत नाही, अधिसूचना पुरते. ती पहिली तुकडी घरी पोचण्याआधी निघावी.

आपला,
एक निवृत्त हवालदार